कोरं बंडल

३ जून

चि. फूटपट्ट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

काल तुला फोन केला, पण तुझ्या कानांनी संप पुकारलेला दिसतोय. मी विचारलं, "तब्येत कशी आहे?" तर तू म्हणालास, "बुधवारी." शेवटी वहिनीने फोन घेतला आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. म्हणून आता पत्र. तसं आपल्या दोघांचं कागदावरच जास्त जमायचं. वाचनालयात बोलायला बंदी, म्हणून तू वहीच्या मागच्या पानावर मला गणितं विचारायचास आणि मी उत्तर सोडून बाकी सगळं लिहायची. आठवतं का रे?

बातमी वाचलीस ना? मोठी नोट बंद होतेय. एकतीस जुलैपर्यंत बँकेत बदलून घ्यायची, त्यानंतर तो नुसता कागद. मी तर खूश आहे बाबा. बत्तीस वर्षं कॅशच्या काउंटरवर काढली. कुठली नोट कोणाकडे निघालीय ते काचेच्या आतून कळायचं. भाजीवाली कधी मोठी नोट मागत नाही, शाळामास्तर मागत नाही. ज्याला पाकीट टेबलाखालून सरकवायचं असतं, तो मागतो. आता ती नोटच गेली तर सरकवणार काय? खाणाऱ्यांचे दात जरा तरी आंबतील.

त्याच आनंदात संध्याकाळी फिरत फिरत वाचनालयाच्या जागेपर्यंत गेले. स्लॅब पडल्याला या वर्षी नऊ वर्षं झाली. अजून तिथे पत्र्याचं कुंपणच आहे. पण मी उभी राहिले की मला सगळं दिसतं. ते लांब टेबल, त्याच्यावरचे शाईचे डाग, चष्मेवाले काका आणि त्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा. तू दर महिन्याला ते टेबल फूटपट्टीने मोजायचास, वाढलं का बघायला! तेव्हापासून तुला हे नाव पडलं, आणि पुढे नगरपालिकेत ओव्हरसीयर होऊन तू ते खरं करून दाखवलंस. मावशीला केवढा अभिमान होता तुझा.

पत्राचं उत्तर दे. "बुधवारी" असं लिहू नकोस.

तुझी,
ताई


९ जून

तीर्थस्वरूप ताईस, साष्टांग नमस्कार.

कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, तेव्हा तुझे टोमणे नीट वाचता आले.

नोटेबद्दल मात्र तू अगदीच भोळी आहेस. बत्तीस वर्षं काचेच्या आत बसलीस, म्हणून असेल. मी काचेच्या बाहेर होतो. ताई, हे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. मागे एकदा अशीच एक नोट बंद झाली होती, तेव्हाची आमच्या ऑफिसची गंमत सांगतो. महिनाभर सगळे साधुसंत झाले. हेडक्लार्क वेळेवर यायला लागला, कारण दुसरं काही करायला नव्हतं. एकही फाइल हलेना, कारण कुठला पैसा उद्या चालेल हे कोणालाच माहीत नव्हतं. मग एकाने हेडक्लार्कच्या घरी कपडे धुण्याचं मशीन पोचवलं. दुसऱ्याने त्याच्या मुलीची कॉलेजची फी भरली. तिसरा छोट्या नोटा पिठाच्या डब्यात भरून घेऊन आला. पाकिटाची पिशवी झाली, एवढाच काय तो फरक. हां, एक कबूल करतो. पिशवी लपवायला पाकिटाइतकी सोपी नसते, त्यामुळे दोन-चार भित्रे लोक सुधारले. पण ते भित्रे होते म्हणून सुधारले, नोट गेली म्हणून नाही.

असो. तुझ्याकडे एक काम आहे. तुझी वहिनी दातांच्या डॉक्टरकडे तिकडेच येतेय, तीन आठवडे तुझ्याकडे राहील. तिच्याबरोबर बिस्किटांचा एक डबा पाठवतोय. तिला सांगितलंय की त्यात तुझी जुनी पत्रं आहेत. खरं म्हणजे त्यात मोठ्या नोटांचं एक बंडल आहे, शंभर नोटांचं. आईची, म्हणजे तुझ्या मावशीची, शिवणकामाची शिल्लक. जायच्या आधी तिने माझ्या हातात दिली होती, तशीच ठेवलीय, पट्टीसुद्धा सोडलेली नाही. इथे बँकेत मुलाचे मित्र आहेत, म्हातारा पैसे दडवून बसला होता म्हणून घरभर चर्चा होईल. आणि वहिनीला कळलं तर स्वयंपाकघराला नव्या फरशा बसल्याच म्हणून समज. तुला बँकेत अजून सगळे मानतात. तेवढं बदलून ठेव.

तुझा,
फूटपट्ट्या


१६ जून

चि. फूटपट्ट्यास,

वहिनी सुखरूप पोचली. एक दाढ निघाली, दुसरी निघायची आहे, पण बोलण्यात काडीचा फरक नाही. तिने तुझ्या बारीकसारीक सवयींची यादी मला ऐकवली. तू रिकाम्या बाटल्यांची झाकणंही जपून ठेवतोस म्हणे. लहानपणापासून तुझं असंच आहे.

डबा मिळाला. कपाटात ठेवलाय, अजून उघडला नाही. खरं सांगू? उघडवत नाही. मावशीचे पैसे! तिची ती खिडकीजवळची शिलाई मशीन, पायाखालची पाटी एका बाजूने झिजलेली. आपण शाळेतून आलो की ती मशीन थांबवून दोघांना एकेक कप चहा द्यायची आणि म्हणायची, "आता बाहेर पळा, मला दोन झगे पुरे करायचेत." आपण वाचनालयात पळायचो. एकेक टाका घालून तिने हे जमवलं असेल आणि आपल्याला कधी कळूही दिलं नाही. मी काल त्या डब्यावर नुसता हात ठेवून बसले होते. वहिनी म्हणाली, "ताई, जुनी पत्रं एवढी आवडतात तर वाचा ना." मी रडत रडत हसले.

सोमवारी जाते बँकेत. मावशीचं काम आहे, रांगेत उभी राहूनच करीन.

ताई


१९ जून

फूटपट्ट्या,

सोमवारी सकाळी डबा उघडला. बँकेत गेले नाही.

बंडलावरची कागदी पट्टी माझ्या हातची आहे. प्रत्येक कॅशियरची खूण असते, माझी तुला माहीत आहे. हिरव्या पेन्सिलीने तारीख आणि शेजारी गोलात एक टिंब. तारीख बारा वर्षांपूर्वीची आहे. मावशी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

तो दिवस मला पक्का आठवतो, कारण दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बँक बंद व्हायच्या वेळी तो अत्तरवाला कंत्राटदार आला होता, ज्याच्यामुळे अख्ख्या हॉलला वास सुटायचा. म्हणाला, "बाई, कोरं बंडल द्या. मोठ्या माणसाला द्यायचंय, मान राखला पाहिजे." त्या दिवशी मी मोठ्या नोटांचं एवढं एकच बंडल दिलं होतं.

ते तुझ्याकडे कसं आलं?

ताई


२ जुलै

ती. ताईस सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. पाठ धरली होती.

तू पण काय, पोलिसात जायला हवी होतीस! अगं, त्यात एवढं काही नाही. आईने दिल्या त्या छोट्या, मळक्या नोटा होत्या. कंत्राटदाराची आमच्या ऑफिसात रोजची ये-जा. त्याला म्हटलं, जरा एवढ्याचं कोरं बंडल आणून दे, ठेवायला सोपं. त्याने आणून दिलं. विषय संपला. तुला लिहायचं राहून गेलं एवढंच.

तारीख जवळ येतेय, तेवढं काम उरकून टाक. इथे उकाडा फार आहे. वहिनीच्या दातांचं काय?

तुझा,
फूटपट्ट्या


५ जुलै

फूटपट्ट्या,

वहिनी उद्या निघतेय. तिच्याबरोबर डबा परत पाठवतेय, होता तसा. वहिनीला मी काही बोललेले नाही. ते तुझं तू बघ.

मावशीच्या नोटा मळक्या होत्या म्हणतोस. मावशीला शेवटच्या आजारात औषधाला पैसे कमी पडले, तेव्हा माझ्या पगारातून तू नेलेस. ते मी कधी परत मागितले नाहीत आणि आजही मागत नाही. पण तिच्याकडे शंभर मोठ्या नोटांची शिल्लक असती, तर तिने तुला तसा माझ्यासमोर हात पसरू दिला असता का रे? मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं बोलू नये. तिच्या तर मुळीच नाही.

बंडल निघालं त्याच महिन्यात वाचनालयाचा नवा स्लॅब झाला होता. काम त्या अत्तरवाल्याचं. काम नीट झाल्याचा दाखला तुझ्या सहीचा. तीन वर्षांत तो स्लॅब खाली आला. उघडायच्या आधी, सकाळी सातला पडला म्हणून माणसं वाचली. तू अहवालात लिहिलंस, इमारत जुनी होती. आपण दोघं रस्त्याच्या पलीकडे उभे होतो. मी लहान पोरीसारखी रडत होते आणि तू माझा हात धरून उभा होतास. पुस्तकं रद्दीवाल्याच्या गाडीत भरत होते आणि तू मला म्हणत होतास, "ताई, जुनं झालं की पडायचंच." तो हात मला आता सारखा आठवतोय.

मला तुझ्याकडून एकच उत्तर हवंय. त्या बंडलात फक्त वाचनालय होतं, की आणखी काही?

ताई


१७ जुलै

ताई,

चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे पाचवं.

त्यात दोन छपरं होती. वाचनालयाचं, आणि पाण्याच्या टाकीजवळच्या बालवाडीचं. दोन्ही कामं एकाच वेळी चालली होती. सळया सहा इंचांवर बांधायच्या होत्या. मी मोजल्या, नऊवर होत्या. सिमेंट घालायच्या आधी मोजल्या, माझ्या हातांनी. कंत्राटदाराला म्हटलं, खोलून पुन्हा बांध. तो हसला. म्हणाला, "साहेब, घरी जा, विचार करा." दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस ते बंडल माझ्या टेबलाच्या खणात ठेवून गेला. मी ओरडलो नाही. खण बंद केला आणि सही केली.

मला पैशांची गरज नव्हती, ताई. तेच तर कळत नाही. वरच्यांना त्यांचं पोचलं होतं. मी अडवलं असतं तर माझी बदली झाली असती, मुलाचं शेवटचं वर्ष होतं. पाण्यात राहून माशाशी वैर नको, असं स्वतःला सांगितलं. आणि बंडल कधी उघडलं नाही. मला वाटायचं, उघडलं नाही म्हणजे घेतलं नाही. बारा वर्षं हे असंच समजत आलो. झाकली मूठ म्हणतात ना, ती अशी.

वाचनालय पडलं त्या दिवशी मी तुझा हात धरला होता, कारण मलाच कशाला तरी धरून उभं राहायचं होतं. तुला आधार द्यायला नव्हता धरला. मी अहवालात जे लिहिलं ते लिहिताना चष्मेवाल्या काकांच्या किल्ल्यांचा आवाज येत होता. त्यानंतर एकदाच बालवाडीच्या रस्त्याने गेलो. मग रिटायर झालो आणि गावच सोडलं. सगळ्यांना वाटलं मुलाकडे राहायला आलो.

आईचं नाव घेतलं त्याबद्दल क्षमा मागायलाही तोंड नाही.

आता काय करू? खरं सांगितलं तर पेन्शन जाईल. मुलाला तोंड कसं दाखवू? वहिनीला अजून सांगितलेलं नाही. तू मोठी आहेस, तू सांग.

फूटपट्ट्या


२० जुलै

चि. फूटपट्ट्यास,

तुझं पत्र आलं आणि चपला घालून तशीच बालवाडीत गेले. दारात लहान लहान चपलांची रांग होती, कुठलीच जोडी धड नाही. आत चाळीस मुलं मोठमोठ्याने पाढे म्हणत होती. कोपऱ्यात छताला बोटभर भेग आहे, तिच्यावर बाईंनी कागदाचं फूल चिकटवलंय. मी बाईंना सांगितलं, मुलांना बाहेर काढा. त्यांनी ऐकलं, अंगणात बसवली. पण म्हणाल्या, "आजी, किती दिवस? बंद करायला ऑफिसचं पत्र लागतं." ऑफिसात गेले. तिथला साहेब म्हणाला, कागदोपत्री स्लॅब उत्तम आहे. दाखला दाखवला. खाली तुझी सही, इतकी सुरेख.

म्हणजे आता माझ्या बोलण्याने काही होणार नाही. तूच लिहून दिलं पाहिजेस. सळया किती इंचांवर, सगळं.

पेन्शन जाईल, हो. हात दाखवून अवलक्षण होईल, तेही खरं. मी तुला खोटा धीर देणार नाही. पण तू मला विचारलंस, म्हणून सांगते. मुलाला तोंड दाखवायचं आहे ना? मग आधी त्याला तू सांग. उद्या छप्पर पडल्यावर पेपरातून कळण्यापेक्षा ते बरं.

आणि एक माझंही ऐक. मी तुला पत्रांतून फार सुनावलं. पण तो अत्तरवाला "मान राखायचाय" म्हणाला, तेव्हा मला काय कळलं नव्हतं? सगळ्या बँकेला कळायचं. आम्ही आपापसात हसायचो सुद्धा, आज कोणाचा मान! ते बंडल मी मोजलं, पट्टी लावली, वर खूण केली आणि "या" म्हणाले. मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की ते माझ्याच घरी चाललंय. नोट बंद झाली म्हणून मी तुला केवढ्या उत्साहाने लिहिलं होतं. वाटलं होतं, आपण बाहेरचे.

उशीर करू नकोस. मुलं उन्हात बसलीत.

तुझी,
ताई


२४ जुलै

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

सोबत जबाब जोडलाय. दोन्ही छपरांचा. तारखा, सळयांचं अंतर, कोणी ठेवलं, कुठल्या खणात ठेवलं, सगळं आहे. प्रत्येक पानावर सही केलीय. ऑफिसात देऊन पोच घे. माझ्या पत्त्यावरून थेट ऑफिसला रजिस्टरने पाठवलं असतं तर आठ दिवस गेले असते आणि तिथे ते कोणाच्या खणात पडलं असतं ते मला चांगलं माहीत आहे.

वहिनीला परवा सांगितलं. दिवसभर स्वयंपाकघरात भांडी घासत बसली, घासलेली पुन्हा घासत होती. संध्याकाळी म्हणाली, "मी मांडीवर घेऊन गेले होते तो डबा." एवढंच. मुलाला सांगितलं तेव्हा तो उठून बाहेर गेला. अजून नीट बोलत नाही.

बँकेत काल मीच गेलो. वाटलं होतं फॉर्म असेल, पैसे कुठून आले ते विचारतील. तीन दिवस घोकत होतो काय लिहायचं ते. शेवटी ठरवलं, लाच म्हणून लिहायचं. काउंटरवरच्या मुलीने पट्टी टरकन फाडली, मशीनमध्ये नोटा टाकल्या आणि विचारलं, "आजोबा, छोट्या नोटा चालतील ना?" दोन मिनिटं लागली. बारा वर्षं जे मी उघडलं नाही, ते तिने दोन मिनिटांत स्वच्छ करून माझ्या हातात दिलं. कोणी काही विचारलंच नाही, ताई. मी काउंटरसमोर तसाच उभा राहिलो, तर मागचा माणूस म्हणाला, "काका, झालं ना तुमचं?"

नाही झालं. नोटेपुरतं झालं, एवढंच. तू त्या पट्टीवरची तारीख वाचली नसतीस तर मीही पिशवी घेऊन खुशाल घरी आलो असतो आणि पुढच्या पत्रात तुला म्हटलं असतं, बघ, नोट बंद करून काय फरक पडला?

पिशवी तशीच बाजूला ठेवलीय. चौकशी लागेल तेव्हा जमा करीन.

तुझा,
फूटपट्ट्या


३० जुलै

चि. फूटपट्ट्यास अनेक आशीर्वाद.

जबाब दिला, पोच घेतली. सोपं गेलं नाही. क्लार्कने वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला. "आजी, घरचा माणूस आहे ना? कशाला स्वतःच्या हाताने? घेऊन जा, मी बघितलं नाही असं समजतो." फार आपुलकीने बोलत होता बिचारा. मी म्हटलं, "शिक्का मार, मी कॅशियर आहे, शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडत नाही." दुपारी तीनला शिक्का मिळाला.

परवा इंजिनिअर आले. कोपऱ्यात हातोडीने चार ठोके मारले आणि मोठा पापुद्रा खाली आला. आतल्या सळया गंजून अर्ध्या झाल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे खोलीला कुलूप लावलं. मुलं आता आमच्या बँकेच्या जुन्या इमारतीतल्या रिकाम्या हॉलमध्ये बसतात. कालच मी त्यांना पाहून आले.

तिथे एका मुलीची आई भेटली. विणकाम करत बसली होती. विचारलं, "हे कोणी सांगितलं म्हणे?" मी म्हटलं, "माझ्या भावाने." ती म्हणाली, "देवमाणूस आहेत." मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. थांबले नाही. म्हटलं, "बारा वर्षांपूर्वी ते पास करणाराही तोच." तिच्या सुया थांबल्या. मग म्हणाली, "माझी मोठी मुलगीही त्याच खोलीत होती. तीन वर्षं. त्यांना सांगा तुम्ही." एवढं बोलून ती उठून गेली.

हे तुला कळवू नये असं कालपासून वाटत होतं. पण आता आपण काही गाळायचं नाही. म्हणून कळवलं. वाचलंस ना? आता पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ बस.

चौकशी बारा ऑगस्टला आहे. तुला नोटीस येईल. पेन्शन तूर्त थांबवतील असं साहेब म्हणाले, पुढचं पुढे. तोवर तू आणि वहिनी माझ्याकडे या, माझी पेन्शन तिघांना पुरते. वहिनीला मी वेगळं पत्र लिहिलंय. ती येईन म्हणाली, पण तुझ्याशी बोलेनच असं नाही म्हणाली. तेवढं तू सोसलं पाहिजेस.

आदल्या दिवशीच्या सकाळच्या गाडीने निघा, मी स्टँडवर असेन. आणि बारा तारखेला तुला एकट्याला जायचं नाही. साहेबांना मी सांगून आलेय की दोन खुर्च्या लागतील. बंडल कोणी दिलं, कोणाला दिलं, का म्हणून दिलं, ते मलाही लिहून द्यायचंय.

तुझी,
ताई